सुपरचार्जर कोणता लावायचा? उद्यमबागेतली तीन यंत्रं आणि चोर्ल्याचा घाट

भाचा यंदा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी तो तीन मित्रांना घेऊन बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात आमच्या शेडवर आला. पोरांनी प्रोजेक्टचा विषय मनापासून निवडलाय. रोज चालवता येईल, पेट्रोल बेतानं पिईल आणि घाटात जीव लावून पळेल अशी लहान स्पोर्ट्स कार बनवायची झाली, तर तिच्या इंजिनाला सुपरचार्जर, म्हणजे जास्त हवा भरणारा पंप, कोणत्या जातीचा लावावा? भंगारात निघालेल्या एका गाडीचं १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन कॉलेजच्या टेस्ट बेडवर (इंजिन गाडीबाहेर चालवून तपासायच्या चौथऱ्यावर) बसवून ते प्रत्यक्ष चालवून बघणार आहेत.

"मामा, तीन जाती आहेत. तिन्हींचे फायदे-तोटे पाठ झालेत. पण निवडायचं कसं तेच कळंना," तो म्हणाला.

ह्या तिन्ही जाती आपल्या भागात रोज चालू असतात, फक्त त्यांना कोणी सुपरचार्जर म्हणत नाही. साखर कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडणारा ट्विन लोब ब्लोअर ही एक. मशीन शॉपच्या मागच्या खोलीतला स्क्रू कॉम्प्रेसर ही दुसरी. फाउंड्रीच्या लोखंड वितळवणाऱ्या क्युपोला भट्टीला वारा देणारा, गोगलगाईच्या आकाराच्या डब्यातला पंखा ही तिसरी. हे तिघे समजले की निवड अर्धी झाली. उरलेली अर्धी आपले रस्ते ठरवतात.

आधी हवेचा हिशेब. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलला साधारण ११ किलो हवा, आणि आपल्या बेळगावात एवढी हवा मोजली तर ती दहा हजार लिटर भरते. पंपावर आपण पाच लिटर पेट्रोल घालतो तेव्हा पन्नास हजार लिटर हवेची जबाबदारी इंजिनावर टाकत असतो. पेट्रोल जास्त सोडणं सोपं, इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवला की झालं. अडतं ते हवेपाशी. सिलिंडर जेवढी हवा ओढेल तेवढीच ताकद. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच क्रँकवरून, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्यावरून, पट्ट्यानं फिरणारा आणि सिलिंडरमध्ये हवा कोंबून भरणारा पंप. बाकी सगळा बारकावा ह्या कोंबण्यात आहे.

आपल्या भागाची एक गोष्ट इथंच सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. इथला हवेचा दाब पणजीपेक्षा साधारण आठ-नऊ टक्क्यांनी कमी. गोव्याहून चोर्ल्यानं वर आलेली साध्या इंजिनाची गाडी तेवढीच ताकद खाली ठेवून येते. गाडीत चारजण आणि सामान असलं की कणकुंबीच्या अलीकडच्या चढावर हे पायाला कळतं. हवा कोंबणारं यंत्र ही तूट भरून काढतं, म्हणून उंचावर राहणाऱ्यांना त्याचं मोल जरा जास्त.

पोरं आली त्या दिवशी आमच्या बाकावर एक ट्विन लोब ब्लोअर उघडून ठेवला होता. इंग्रजी आठच्या आकाराचे दोन रोटर एकमेकांत अडकून फिरतात, पण एकमेकांना शिवत नाहीत. त्यांच्यात आणि बाहेरच्या कवचात पाव मिलिमीटरच्या आसपास फट असते, आणि ती फट राखायचं काम मागचे दोन टायमिंग गिअर करतात. एका कारखान्यातल्या माणसांनी बेअरिंग बदलताना गिअरवर खूण न करताच तो काढला आणि अंदाजानं परत बसवला. रोटर एकमेकांवर घासले. कास्ट आयर्नच्या काळ्या अंगावर बोटभर रुंदीचे पांढरे चट्टे उमटले होते. आम्ही फट मोजायच्या फिलर गेजची पाती दोन्ही बाजूंनी घालून, गिअर केसाकेसानं सरकवत ती फट परत सारखी केली.

भाच्याला म्हटलं, आता हातानं शाफ्ट फिरव आणि दुसरा तळहात तोंडावर धर. त्यानं फिरवला. "मामा, धक्के बसायलेत." बरोबर. एका फेऱ्यात चार धक्के. हा रूट्स जातीचा ब्लोअर. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सविल नावाच्या गावी लोकरीची गिरणी चालवणाऱ्या दोघा रूट्स भावांनी १८६० साली त्याचं पेटंट घेतलं. मोटारगाडी तेव्हा जन्मायची होती. भट्ट्यांना आणि खाणींना वारा देणं हे ह्या यंत्राचं पहिलं काम. म्हणजे गाडीत शिरण्याआधी तो आपल्या फाउंड्रीवाल्यांच्याच धंद्यात होता.

ह्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की रूट्स हवेला आतमध्ये दाबत नाही. घमेल्यानं वाळू वाहावी तशी तो रोटर आणि कवच यांच्यामधल्या पोकळीतून हवा इकडून तिकडे नेतो आणि ओततो. समोर इंजिनाच्या तोंडाशी आधीच दाटलेली हवा असते. घमेलं त्या बाजूला उघडतं तेव्हा ती दाटलेली हवा उलटी आत घुसते, मग रोटर तिला परत बाहेर ढकलतो. तळहातावरचा धक्का आणि ब्लोअरची ती ओळखीची घरघर इथून येते. ह्या उलट्या धडकेत बरीच ताकद उष्णतेत जाते.

उष्णतेचा हिशेब न करता सुपरचार्जर निवडू नये, असं मी पोरांना दोनदा सांगितलं. समजा बाहेर ३५ अंश आहे आणि आपण हवा दीडपट दाबावर नेली. यंत्र शंभर टक्के चोख असतं तरी हवा ७३ अंशांवर गेली असती, कारण दाबलं की तापणारच. सायकलचा हातपंप तळाशी गरम होतो तेच हे. यंत्राची कार्यक्षमता ७० टक्के असेल तर हवा ९० अंशांच्या आसपास जाते. जुन्या दोन-पाकळी, सरळ रोटरच्या रूट्ससारखी ५५ टक्के असेल तर शंभरी पार. तापलेली हवा विरळ, म्हणजे कोंबल्याचा फायदा अर्धा वाया. शिवाय तापलेल्या हवेत ठिणगीची आग पोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल स्वतःच पेटू लागतं, इंजिन ठोकायला लागतं, आणि ते ठोकणं पिस्टन खातं.

म्हणून आजचा रूट्स बाकावरच्या ब्लोअरसारखा राहिलेला नाही. ईटन कंपनीच्या नव्या पिढीत दोनाऐवजी चार पाकळ्यांचे, दोरासारखे पिळलेले रोटर आले. एका फेऱ्यात चार मोठ्या धक्क्यांऐवजी आठ लहान, तेही पिळामुळे एकमेकांत मिसळलेले. कार्यक्षमता सत्तरीच्या पुढे गेली. ज्यांनी रूट्सला जुनाट म्हणून बाजूला ठेवलंय त्यांनी हा बदल बघावा.

दुसरं यंत्र स्क्रू कॉम्प्रेसर. सीएनसीवाल्या प्रत्येक शेडच्या मागे निळ्या नाहीतर पिवळ्या पेटीत हा गुणगुणत असतो. एक रोटर फुगीर दातांचा, दुसरा खोलगट, दोन्ही लांबीभर पिळलेले. हवा एका टोकाला त्यांच्या खाचेत अडकते आणि रोटर फिरत जातील तशी ती खाच दुसऱ्या टोकाकडे आखूड होत जाते. ओला पंचा पिळताना हात एका टोकाकडून दुसरीकडे सरकवावा, तसं. बाहेर पडेपर्यंत हवा दाबली गेलेली असते, म्हणून उलटी धडक कमी आणि उष्णताही कमी. १९३० च्या दशकात आल्फ लिशोल्म ह्या स्वीडिश अभियंत्यानं हे यंत्र कामाला येईल असं घडवलं. गाड्यांच्या जगात आजही त्याला लिशोल्म म्हणतात. दाब जास्त हवा असेल तर हा रूट्सच्या पुढे. पण त्याचा एक दुर्गुण मायलेजशी येऊन अडतो, त्यावर पुढे येतो.

तिसरा क्युपोलाचा पंखा, म्हणजे सेंट्रिफ्यूगल. न्हाऊन झाल्यावर मान झटकली की केसांतलं पाणी बाहेर उडतं. चक्राच्या मध्यातून शिरलेली हवा तशीच कडेला भिरकावली जाते आणि गोगलगाईसारख्या डब्यात तिचा वेग कमी होऊन दाब वाढतो. चक्र छोटं, हलकं, कार्यक्षमता उत्तम, इंजिनाशेजारी बसवायला सोपं. मात्र त्याला वेग लागतो. रूट्सचे रोटर मिनिटाला बारा-पंधरा हजार फेऱ्यांवर काम भागवतात, इथं चाळीस-पन्नास हजारांच्या पुढची भाषा. कावासाकीची निन्जा एच टू ही २०१५ ची मोटरसायकल बघा. ९९८ सीसीचं इंजिन, त्याच्या पाठीशी ६९ मिलिमीटर व्यासाचं चक्र, आणि ते क्रँकच्या ९.२ पट वेगानं, मिनिटाला एक लाख तीस हजार फेऱ्यांपर्यंत फिरतं. तळहातात मावणारा तुकडा आहे तो. एवढ्या वेगात तो तुकडा शाबूत ठेवणं म्हणजे काय, हे लेथवर काम करणाऱ्याला सांगायला नको.

आता ह्याची मेख. सेंट्रिफ्यूगलचा दाब फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो. इंजिनाच्या मिनिटाला ६००० फेऱ्यांवर तो अर्धा बार (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेएवढा दाब) जादा दाब देत असेल, तर ३००० वर अर्ध्याचा पाव, म्हणजे ०.१२ बार. २००० वर नावालाच. रूट्स आणि स्क्रू मात्र दर फेऱ्याला ठरलेलं माप ओतत राहतात, त्यामुळे १८००-२००० फेऱ्यांपासूनच जवळजवळ पूर्ण दाब हाती येतो.

इथं मी पोरांना कागद बाजूला ठेवायला लावला आणि विचारलं, तुमची ही गाडी दिवसभर किती फेऱ्यांवर चालणार? कॉलेजात ताकदीचा आलेख काढतात तो सगळ्यात उंच टोकासाठी. गाडी त्या टोकावर दिवसात दोन मिनिटं असते. तिसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या गर्दीत, खडेबाजारात, किर्लोस्कर रोडवर ती हजार ते दोन हजारांत असते. चोर्ल्याला मालट्रकच्या मागून दुसऱ्या गिअरमध्ये वर चढताना दोन हजार, मग समोर मोकळी जागा दिसते आणि पुढच्या वळणाआधी ट्रक ओलांडायचा असतो. तिथं मिळतात तीन-चार सेकंद. गिअर पाडून, फेऱ्या पाच हजारांवर नेऊन, मग ताकद येण्याची वाट बघायला वेळ नसतो. पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे धुकं उतरलं की तेवढेही सेकंद नसतात. कोल्हापूरच्या वाटेवर वंटमुरीचा चढ सोडला तर निपाणीपर्यंत राष्ट्रीय महामार्गावर गाडी टॉप गिअरमध्ये अडीच हजारांवर निवांत पळते.

म्हणजे आपल्याकडच्या रोजच्या गाडीचा संसार १५०० ते ३५०० फेऱ्यांमध्ये आहे. सेंट्रिफ्यूगल ह्या पट्ट्यात अर्धवट जागा असतो. मोकळ्या ट्रॅकवर, किंवा मूळचं इंजिनच मोठं आणि खालच्या फेऱ्यांना दमदार असेल तिथं तो उत्तम. १.२ लिटरच्या गाडीला मी तो लावणार नाही. एवढं म्हटल्यावर एक पोरगा हिरमुसला, त्याला त्या चक्राची शिट्टी आवडते. मलाही आवडते. पण घाटात ओव्हरटेक करताना उशीर झालेला मला चालत नाही.

आता मायलेज. बहुतेकजण इथं एकच गोष्ट धरून बसतात की सुपरचार्जर इंजिनाची ताकद खातो, म्हणून पेट्रोल जास्त. पहिला भाग खरा आहे. १.२ लिटरचं इंजिन सव्वाशे-एक हॉर्सपॉवर देत असताना त्यातले साधारण सात ते दहा हॉर्सपॉवर सुपरचार्जर फिरवण्यात जातात. पण हा खर्च पाय पूर्ण दाबलेला असतानाचा. हलकी गाडी सपाट रस्त्यावर ८५ च्या वेगानं चालवायला सगळी मिळून पंधरा हॉर्सपॉवर पुरतात. मायलेज ठरतं ते ह्या पंधरा हॉर्सपॉवरच्या वेळी.

पंधराच हवे असताना मोठं इंजिन काय करतं? थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटून घेतं आणि त्या चिंचोळ्या फटीतून हवा ओढत राहतं. नाक दाबून पळायला लावावं तसं. ह्या ओढाताणीत पेट्रोल फुकट जातं. लहान इंजिन तेच काम झडप जास्त उघडी ठेवून, मोकळा श्वास घेत करतं. म्हणून सूत्र असं की इंजिन लहान घ्या आणि मोठ्या इंजिनाची ताकद लागेल तेव्हाच सुपरचार्जरकडून मागा. मोठ्या इंजिनावरच तो चढवला तर दोन्हीकडून खर्च. १९२९-३० च्या ब्लोअर बेंटली ह्या इंग्रजी शर्यतगाडीनं साडेचार लिटरच्या इंजिनापुढे रूट्स लावून ११० ची ताकद १७५ हॉर्सपॉवरवर नेली. त्या गाडीची भूक प्रसिद्ध आहे, ल मान्सची शर्यत तिनं कधी जिंकली नाही, आणि खुद्द बेंटलीसाहेबांचा त्या कल्पनेला विरोध होता.

मग प्रश्न उरतो तो हा: गरज नसताना सुपरचार्जर काय करत बसतो? माझ्या मते निवडीचा कणा इथं आहे, आणि ह्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

त्यावर दोन उपाय आहेत. एक, बायपास झडप. पाय हलका असला की इंजिनाच्या निर्वातानं ती उघडते आणि ब्लोअरच्या दोन्ही बाजू जोडल्या जातात. रोटर फिरतात, पण दाब उभा राहत नाही. रूट्स आतमध्ये हवा दाबतच नसल्यामुळे अशा वेळी त्याला जवळजवळ काहीच ओझं नसतं, तो भरल्या घमेल्याऐवजी रिकामं घमेलं फिरवतो. स्क्रूचा दुर्गुण म्हणालो तो इथं आडवा येतो. त्याची खाच आखूड होतच राहते, त्यामुळे कोणाला नको असतानाही तो हवा दाबतो आणि मग ती बायपासमधून सोडून देतो. कारखान्यात हे खपतं कारण तिथं हवा सतत लागते. महामार्गावर तासभर निवांत पळणाऱ्या गाडीत तो खर्च पेट्रोलच्या बिलात दिसतो. म्हणजे पूर्ण ताकदीच्या वेळी स्क्रू चोख, आणि आरामाच्या वेळी रूट्स चोख. आपली गाडी आरामात जास्त असते.

दुसरा उपाय म्हणजे एसीच्या कॉम्प्रेसरला असतो तसा मॅग्नेटिक क्लच. नको तेव्हा ब्लोअर फिरतच नाही. फोक्सवॅगननं २००५ साली १.४ लिटरच्या इंजिनावर रूट्स आणि टर्बो (क्रँकऐवजी एक्झॉस्टच्या गरम वायूनं फिरणारा हवेचा पंप) दोन्ही बसवले, १७० हॉर्सपॉवरपर्यंत नेले, आणि ३५०० फेऱ्यांच्या वर क्लच सोडून रूट्सला सुट्टी दिली. निस्साननं २०११ साली युरोपात आणलेली मायक्रा तर पोरांनी भिंतीवर लावावी. १.२ लिटर, तीन सिलिंडर, क्लचवाला रूट्स, ९८ हॉर्सपॉवर, आणि तिथल्या सरकारी चाचणीत लिटरला २४ किलोमीटरच्या आसपास. सुपरचार्जर तिथं खास मायलेजसाठीच लावला होता. माझदानं २०१९ च्या स्कायअ‍ॅक्टिव्ह-एक्स इंजिनात त्याच हेतूनं रूट्स वापरला, कमी पेट्रोलात जास्त हवा घालून जाळण्यासाठी.

क्लचची एक खोड आहे. तो धरतो त्या क्षणी गाडीला बारीकसा झटका जाणवतो, आणि गर्दीत दर मिनिटाला धर-सोड झाली की क्लच लवकर झिजतो. म्हणून क्लच कधी धरायचा हे ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, नीट बसवणं हा ह्या प्रोजेक्टमधला सगळ्यात अवघड भाग ठरेल, असं मी पोरांना बजावलंय. रोटर-बिटर सोपे आहेत त्यामानानं.

टर्बोचं काय, हे कोणीतरी विचारणारच. सरळ सांगतो: निव्वळ मायलेज हाच निकष असेल तर बहुतेक वेळा टर्बो जिंकतो, कारण तो सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या उष्णतेवर फिरतो. म्हणूनच आज आपल्याकडे एक ते दीड लिटरच्या जवळपास सगळ्या जोरकस पेट्रोल गाड्या टर्बोच्या आहेत. रूट्सवाली १६३ हॉर्सपॉवरची मिनी कूपर एससुद्धा २००६ नंतरच्या पिढीत टर्बोवर गेली आणि तिचं पेट्रोल कमी झालं. सुपरचार्जर निवडायचा तो पायाखाली ताकद तत्काळ हवी म्हणून. एक्झॉस्टचा रेटा तयार होईपर्यंत थांबावं लागत नाही, पाय आणि चाक यांच्यात मधे कोणी नाही असं वाटतं. स्पोर्ट्स कारमध्ये ह्या भावनेला किंमत आहे, आणि त्यासाठी लिटरमागे एखादा किलोमीटर द्यायला मी तयार आहे.

इंधनाबद्दल थोडं, कारण ते आपल्या शेताशी जोडलेलं आहे. इथेनॉल वाढण्याआधी पंपावरचं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं असायचं, महागडं ९५ चं. ऑक्टेन म्हणजे ठोकणं रोखायच्या ताकदीचं माप, आणि कोंबलेल्या हवेत ते जास्त लागतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, आणि चिकोडी, हुक्केरी, निपाणी पट्ट्यातल्या उसाच्या मळीतून, रसातून ते बनतं. लोक त्यावर वैतागतात, आणि मायलेजपुरतं त्यांचं खरं आहे. शुद्ध पेट्रोलच्या मानानं ह्या मिश्रणात लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्के कमी असते. पण इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या घरात आहे, आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या अडीचपट उष्णता शोषतं. अंगावर सांडलेलं स्पिरिट गार लागतं तसं ते आत येणारी हवा गार करतं. सुपरचार्जरचा मुख्य शत्रू उष्णता आणि उसाचा रस तिच्याविरुद्ध उभा, हे मला फार आवडतं. जुन्या इंजिनाचे रबरी पाइप आणि सील तेवढे इथेनॉलला टिकणारे घालावे लागतात.

दाबून तापलेली हवा सिलिंडरआधी गार करणाऱ्या इंटरकूलरबद्दल माझं मत पक्कं आहे. वाऱ्यानं थंड होणारा इंटरकूलर महामार्गावर छान, पण घाटात ट्रकमागे वीसच्या वेगानं चढताना वारा कुठून येणार? नेमकी तिथं ताकद हवी असते. म्हणून पाण्यानं थंड होणारा घ्या, त्याचा छोटा रेडिएटर पुढे आणि त्याला स्वतःचा विजेचा पंप. थोडं वजन वाढेल, वाढू दे.

तर ह्या गाडीला माझं उत्तर असं: १.२ लिटर, चार पाकळ्यांचा पिळाचा रूट्स, बायपास आणि क्लच दोन्ही, पाण्याचा इंटरकूलर, दाब अर्धा बार, कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन सिलिंडरमधली हवा किती पट आवळतो ते माप) साडेनऊच्या आसपास. गाडी रोज निपाणी-कोल्हापूर महामार्गावर भरधाव जाणारी आणि इंजिन दोन लिटरचं असतं तर मी सेंट्रिफ्यूगलचा विचार केला असता. एक बार आणि त्यापुढचा दाब लागला असता तर स्क्रू.

वाचणाऱ्यांपैकी कोणी हे स्वतःच्या रस्त्यावरच्या गाडीत करायच्या विचारात असेल, त्याला काळजीपोटी सांगतो, करू नका. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे आरसी बुकातल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. नोंदणी अडचणीत येते, अपघात झाला तर विम्यावाले हात वर करतात. पोरांचं इंजिन टेस्ट बेडवरच राहणार आहे.

शेवटी पुलीचा हिशेब राहिला होता, तो प्लायवूडच्या तुकड्यावर खडूनं केला. १.२ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला ०.६ लिटर हवा ओढतं. ब्लोअर घ्यायचाय तो दर फेऱ्याला ०.४१ लिटर ओतणारा. क्रँकची पुली १५० मिलिमीटरची, ब्लोअरची ६८ ची ठेवली तर तो २.२ पट फिरेल आणि ०.९ लिटर ओतेल. फटीतून गळणारी हवा आणि उरलेली उष्णता धरून हिशेब साधारण अर्ध्या बारवर येतो. इंजिनाच्या ६५०० फेऱ्यांवर ब्लोअर १४,३०० वर, म्हणजे त्याच्या आवाक्यात.

भाच्यानं खडू घेतला, ६८ खोडून ६२ लिहिले. "सहा मिलिमीटरनं काय होतंय मामा? ०.७ बार मिळतोय की." मी त्याला तो उष्णतेचा हिशेब परत करायला लावला, सावधपणे जुनं ९१ ऑक्टेन धरून. दहा मिनिटं चौघं डोकं लावून बसले. मग त्यानं स्वतःच ६२ पुसले, आणि मी लेथवर अ‍ॅल्युमिनियमचा राउंड बार चढवला.